खुर्ची सुटली, हिशेब सुटला नाही

सरकारी साहेब रिटायर झाला की त्याला नारळ देतात, शाल देतात, गळ्यात हार घालतात. कुणीतरी उठून त्याच्या सचोटीवर भाषण ठोकतो. चहा होतो, फोटो निघतो. आणि त्याच संध्याकाळी साहेबाबरोबर आणखी एक गोष्ट गुपचूप रिटायर होते. खुर्चीवर असताना त्याने जे केलं, त्याबद्दलचा प्रश्न. दुसऱ्या दिवसापासून तो 'माजी'. माजी म्हणजे म्हातारा, माजी म्हणजे बिचारा. "आता कशाला त्याच्या मागे लागता?" असं विचारणारे मग गल्लोगल्ली भेटतात.

नाहूरला आमचा अभ्यासवर्ग चालतो, तिथे एका पोराने हा प्रश्न सरळ टाकला. म्हणाला, "काका, गोळ्या घालणारे रिटायर झाले, मंत्री माजी झाले, काही तर मेले. आता चौकशी करून काय मिळणार? त्यापेक्षा शिक्षणाचं बघू, नोकरीचं बघू." पोरगा भित्रा नाही, मोर्चात पुढे असतो. त्याचा प्रश्न बऱ्याच जणांच्या मनात आहे, फक्त तो बोलला. म्हणून हा लेख.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. साहेब माजी झाला तरी त्याच्यावरच्या आरोपाचा तपास झालाच पाहिजे. भावनेपोटी सांगत नाही. कायद्याने साहेबाला जे कवच दिले आहे, ते निवृत्तीनंतरही त्याच्या अंगावर राहते. कवच राहत असेल, तर जबाबदारीही राहिली पाहिजे. एक ठेवायचं आणि दुसरं उतरवायचं, ही मनूची चाल झाली. अधिकार वरच्याला, शिक्षा खालच्याला.

घाटकोपरची सकाळ

नाहूरहून गाडी पकडली तर भांडुप, कांजूरमार्ग, विक्रोळी आणि मग घाटकोपर. चौथं स्टेशन. आपल्या पूर्वेकडून जाणारा द्रुतगती महामार्ग तोच, जो माता रमाबाई आंबेडकर नगरच्या दारातून जातो. ११ जुलै १९९७ च्या सकाळी तिथल्या बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला लोकांना दिसला. पुतळ्यापासून काही पावलांवर पोलीस चौकी होती. लोक आधी तिथेच गेले. तिथून त्यांना पंतनगर पोलीस ठाण्याकडे पाठवण्यात आले. हे नीट लक्षात ठेवा. पहिली गोष्ट लोकांनी केली ती तक्रार. दगड नाही, तक्रार.

मग लोक हायवेवर जमले. राज्य राखीव पोलीस दलाची गाडी आली. फौजदार मनोहर कदम याच्या हुकमाने जमावावर गोळ्या झाडल्या गेल्या. दहा माणसे मेली. नंतर दुपारी वस्तीत अश्रुधूर सोडला गेला, लाठीमार झाला. त्या दिवशी जखमी झालेले सव्वीस. चार दिवसांनी, १५ जुलैला, शाहीर विलास घोगरे यांनी गळफास घेतला. ज्याच्या गाण्यावर कामगारांच्या आणि दलितांच्या वस्त्या जाग्या राहायच्या, त्या माणसाला हे सोसवलं नाही. आनंद पटवर्धन यांचा 'जयभीम कॉम्रेड' हा २०११ चा चित्रपट याच दोन घटनांपासून सुरू होतो. तो पाहिला नसेल तर पाहा.

तेव्हा राज्यात शिवसेना-भाजप युतीचे सरकार होते. मनोहर जोशी मुख्यमंत्री, गोपीनाथ मुंडे उपमुख्यमंत्री आणि गृहमंत्री. पोलिसांची बाजू अशी की हायवेवर गॅसचे टँकर होते, जमाव ते पेटवणार होता, म्हणून गोळीबार करावा लागला. सरकारने न्यायमूर्ती एस. डी. गुंडेवार यांचा चौकशी आयोग नेमला. आयोगाचा अहवाल १९९८ मध्ये आला. गोळीबार समर्थनीय नव्हता, गरजेचा नव्हता, असा निष्कर्ष निघाला आणि कदमवर ठपका आला.

यानंतर काय व्हायला पाहिजे होतं? अहवाल आला, नाव आलं, आता खटला. पण ७ मे २००९ पर्यंत थांबावं लागलं. त्या दिवशी मुंबईच्या सत्र न्यायालयाने कदमला सदोष मनुष्यवधासाठी जन्मठेप दिली. गोळीबार ते निकाल, जवळजवळ बारा वर्षे. त्या सकाळी जन्मलेलं पोर तोवर सहावी-सातवीत गेलं. आणि निकालानंतर थोड्याच दिवसांत उच्च न्यायालयाने शिक्षेला स्थगिती देऊन त्याला जामीन दिला. अपील करणे हा त्याचा हक्क आहे, तो मी नाकारत नाही. पण बारा वर्षांची वाट आणि काही दिवसांची सुटका, या दोन वेगांकडे बघा. आपल्याला लागलेला वेळ कायद्याचा नव्हता, मर्जीचा होता.

दोन शब्द

आता कायद्याकडे येतो. कंटाळू नका, पोरांनो. आपल्या बापजाद्यांना पोथी वाचू दिली नाही, आणि आज कायद्याची पोथी आपण स्वतःहून वाचत नाही. त्यात ज्याचा फायदा व्हायचा त्याचा होतो.

इंग्रजांनी १८९८ साली फौजदारी प्रक्रिया संहिता केली. तिच्यात कलम १९७ होते. सरकारच्या मंजुरीशिवाय ज्याला काढता येत नाही असा सरकारी नोकर, न्यायाधीश किंवा मॅजिस्ट्रेट 'असेल', आणि त्याच्यावरचा आरोप सरकारी काम बजावताना केलेल्या कृत्याचा असेल, तर सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय कोर्टाने खटल्याची दखल घ्यायची नाही. राज्य परक्यांचं, साहेब परका, प्रजा काळी. कलम कुणासाठी होतं ते सांगायला नको. पण त्या इंग्रजी कलमातसुद्धा साहेब नोकरीत 'असेल' तरच कवच होतं. नोकरी संपली, कवच संपलं.

मग स्वातंत्र्य आलं. आपल्या विधी आयोगाने १९६९ मधल्या ४१ व्या अहवालात शिफारस केली की निवृत्त माणसालाही हे संरक्षण पाहिजे, नाहीतर लोक तो रिटायर व्हायची वाट बघतील आणि मग त्याला छळतील. १९७३ ची नवी संहिता आली आणि कलमात दोन शब्द वाढले. 'आहे' याच्या पुढे 'किंवा होता'. दोनच शब्द. त्या दोन शब्दांनी भारतातला प्रत्येक माजी साहेब, त्या कलमात बसणारा, पुन्हा सरकारच्या छत्रीखाली गेला.

भ्रष्टाचाराच्या कायद्यात उलटं होतं. १९५८ साली सर्वोच्च न्यायालयाने व्यंकटरामन खटल्यात सांगितले होते की आरोपी सरकारी नोकर राहिलेला नसेल तर मंजुरीची गरज नाही. १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातही हीच स्थिती चालत आली. २०१८ मध्ये दुरुस्ती झाली आणि तिथेही तेच दोन शब्द घुसवले. आहे किंवा होता. त्याच दुरुस्तीने आणखी एक कलम आणले, १७-अ. साहेबाने सरकारी कामात घेतलेल्या निर्णयाची पोलिसांनी साधी चौकशी करायची म्हटली तरी आधी परवानगी.

म्हणजे बघा, 'माजी माणसाला कशाला धरता' असं आपल्याला सांगणारं सरकार स्वतः माजी माणसाला विसरत नाही. त्याच्या संरक्षणासाठी कायदा बदलतं. त्याचं पेन्शन चालू, त्याचं कवच चालू. फक्त त्याने उत्तर द्यायचं तेवढं बंद.

आणखी कुलपं सांगतो. बेकायदा जमाव पांगवण्यासाठी केलेल्या कृत्याबद्दल खटला भरायला जुन्या संहितेच्या कलम १३२ प्रमाणे सरकारची मंजुरी लागायची. कलम १९७ च्याच तिसऱ्या पोटकलमाने राज्य सरकारला मुभा होती की सुव्यवस्था राखणाऱ्या दलांना अधिसूचना काढून हेच संरक्षण द्यावे. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याच्या कलम १६१ मध्ये पोलिसांविरुद्धच्या खटल्याला सहा महिन्यांची मुदत घातली आहे. महाराष्ट्र नागरी सेवा निवृत्तिवेतन नियम, १९८२. त्यातला नियम २७ काय म्हणतो? निवृत्त झालेल्यावर नव्याने खात्याची चौकशी सुरू करायची तर सरकारची मंजुरी पाहिजे आणि घटना चार वर्षांपेक्षा जुनी नसली पाहिजे. म्हणजे खात्याने चार वर्षं फाईल दाबून धरली की साहेब आयुष्यभराचा निर्दोष. त्यासाठी काही करावंच लागत नाही, नुसतं बसून राहावं लागतं.

आणि चौकशी आयोग? १९५२ च्या चौकशी आयोग कायद्याखाली नेमलेल्या आयोगाचा निष्कर्ष सरकारवर बंधनकारक नसतो. आयोगापुढे माणसाने दिलेला जबाब, खोट्या साक्षीचा खटला सोडला तर, त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही, असं कलम ६ सांगतं. वस्तीतल्या म्हाताऱ्या बाया दिवसाची मजुरी बुडवून आयोगापुढे साक्ष द्यायला जातात. त्यांना वाटतं कोर्ट आहे. ते कोर्ट नसतं. राग थंड होईपर्यंत वेळ काढायची ती जागा असते. आयोगाने खरं लिहिलं तरी खटल्यासाठी पुन्हा पहिल्यापासून तपास लागतो.

पण याच कायद्यात आपल्या बाजूचीही एक गोष्ट आहे. ज्या गुन्ह्याला तीन वर्षांपेक्षा जास्त शिक्षा आहे, त्याला कालमर्यादा नाही. खून, सदोष मनुष्यवध शिळे होत नाहीत. 'फार दिवस झाले' हे कारण कायदा सांगत नाही. ते आपल्या तोंडी कुणीतरी घातलेलं आहे.

आधी माफी, मग चौकशी

ही रीत आजची नाही. १३ एप्रिल १९१९ ला जालियनवाला बागेत डायरने गोळ्या घातल्या. हंटर समिती ऑक्टोबर १९१९ मध्ये नेमली गेली. पण त्याच्या आधीच, सप्टेंबरमध्ये, सरकारने अधिकाऱ्यांना संरक्षण देणारा इन्डेम्निटी कायदा करून घेतला. आधी माफीची सोय, मग चौकशीचा देखावा. डायरला पद सोडावं लागलं, पण त्याच्यावर खटला झाला नाही. उलट तिकडच्या 'मॉर्निंग पोस्ट' नावाच्या पत्राने त्याच्यासाठी फंड काढला आणि सव्वीस हजार पौंडांच्या वर पैसा जमला. माजी झालेल्या मारेकऱ्याचा सत्कार कसा होतो याचा हा नमुना.

आपल्या चळवळीलाही ही रीत ठाऊक आहे. जानेवारी १९७४ मध्ये वरळीला पँथरच्या सभेनंतर दंगल पेटली. रमेश देवरुखकर पोलिसांच्या गोळीने गेला, भागवत जाधव डोक्यात पाटा पडून गेला. न्यायमूर्ती भस्मे यांचा आयोग नेमला गेला, अहवाल आला. तुमच्यातल्या किती जणांनी तो वाचला आहे? वरळीचा अहवाल कपाटात, रमाबाई नगरचा अहवाल कपाटात. आपलं रक्त सरकारी कपाटात नीट बांधणी करून ठेवलेलं असतं.

सूड की हिशेब?

आता विरोधकांचा पहिला मुद्दा. 'सरकार बदललं की आधीच्यांच्या मागे लागायचं, हे सुडाचं राजकारण आहे.' मुद्दा फेकून देण्यासारखा नाही. शाह आयोगाचं काय झालं ते बघा.

आणीबाणी संपली, जनता सरकार आले आणि मे १९७७ मध्ये न्यायमूर्ती जे. सी. शाह यांचा आयोग बसला. आणीबाणीत कुणी कुणाला बेकायदा पकडले, कुणाची घरे पाडली, कुणाची जबरदस्तीने नसबंदी केली, याची तपासणी झाली. तीन अहवाल आले, शेवटचा ऑगस्ट १९७८ मध्ये. १९७९ ला खास न्यायालयांचा कायदा झाला. जानेवारी १९८० मध्ये इंदिरा गांधी पुन्हा निवडून आल्या आणि सगळा मामला गुंडाळला. अहवालाच्या प्रतीसुद्धा दिसेनाशा झाल्या. २०१० साली एरा सेझियन यांनी तो पुन्हा छापला तेव्हा लोकांच्या हाती आला.

यातून 'चौकशी करूच नये' असा अर्थ काढणारे काढतात. माझा अर्थ वेगळा. जनता सरकारला तपास लवकर आटपून कोर्टात उभा करता आला नाही. आयोग, मग दुसरा आयोग, मग खास कायदा, असे दिवस गेले. आणि तपास सत्तेच्या हातात राहिला, म्हणून सत्ता फिरली तसा तोही फिरला. नसबंदीच्या टेबलावर ज्यांना ओढत नेलं, त्यात गरीब किती, आपले किती, हे कुणाला वेगळं सांगायला नको. त्यांच्यासाठी हा इंदिरा विरुद्ध मोरारजी असा सामना नव्हताच. त्यांचा हिशेब दोघांच्या भांडणात बुडाला.

सूड आणि हिशेब यातला फरक साधा आहे. सूड माणूस बघून होतो, हिशेब कृत्य बघून. पुन्हा निवडणूक आली की सूड मिटतो, तडजोड होते, पक्षात प्रवेश होतो. हिशेबाला निवडणुकीशी घेणं नाही.

मुंबईचंच दुसरं उदाहरण. ९ जानेवारी १९९३ ला दंगलीच्या काळात पोलीस सुलेमान उस्मान बेकरीत घुसले आणि माणसे मारली गेली. कारवाईचे प्रमुख होते सहआयुक्त रामदेव त्यागी. पुढे तेच मुंबईचे पोलीस आयुक्त झाले. श्रीकृष्ण आयोगाने १९९८ च्या अहवालात एकतीस पोलिसांची नावे घेतली. काँग्रेसने निवडणुकीत तो अहवाल अमलात आणण्याचे वचन दिले. सरकार आले १९९९ ला. त्यागी आणि इतरांवर गुन्हा दाखल झाला २००१ मध्ये, म्हणजे ते माजी झाल्यावर. २००३ मध्ये सत्र न्यायालयाने त्यागी आणि आणखी आठ जणांना खटला सुरू व्हायच्या आधीच आरोपमुक्त केले. कोर्टाने आरोपमुक्त केलं म्हणजे कायद्याने ते आरोपी नाहीत, हे मी लिहून ठेवतो. पण आठ वर्षांनी उघडलेल्या तपासात पुरावा कितीसा उरणार? साक्षीदार गाव सोडून जातो, जखम बुजते, पंचनामा वाळवी खाते. उशिराचा तपास आरोपीला सुटायला मदत करतो, आणि मग तेच लोक म्हणतात, 'बघा, काही निघालं का?'

ग्वांगजू

आता जरा लांब जाऊ. दक्षिण कोरियातलं ग्वांगजू शहर. मे १९८० मध्ये तिथल्या विद्यार्थ्यांनी आणि लोकांनी लष्करी सत्तेविरुद्ध उठाव केला आणि फौजेने त्यांना गोळ्या घातल्या. त्या सत्तेचा मुख्य जनरल चुन डू-ह्वान पुढे राष्ट्राध्यक्ष झाला. पुढे तो माजी झाला. सरकारी वकिलांनी आधी सांगितलं, खटला भरणार नाही. पण मेलेल्यांचे आईबाप आणि विद्यार्थी गप्प बसेनात. डिसेंबर १९९५ मध्ये संसदेला खास कायदा करावा लागला, कालमर्यादेचं घड्याळ थांबवावं लागलं. ऑगस्ट १९९६ मध्ये माजी राष्ट्राध्यक्षाला फाशीची शिक्षा झाली, अपिलात ती जन्मठेप झाली आणि एप्रिल १९९७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. त्याच डिसेंबरमध्ये त्याला माफी देऊन सोडलं, हेही खरं.

तारखा जुळवून बघा. एप्रिल १९९७ मध्ये तिकडे गोळीबाराचा हिशेब माजी राष्ट्राध्यक्षापर्यंत पोचला. जुलै १९९७ मध्ये इकडे रमाबाई नगरात गोळ्या झाडल्या. आपल्याकडे हिशेब फौजदाराच्या वर चढलाच नाही. माफी मिळाली तरी कोरियात एक गोष्ट कुणाला पुसता आली नाही. गुन्हा झाला होता, हे निकालात लिहिलं गेलं. मेलेली पोरं दंगलखोर नव्हती, हे लिहिलं गेलं. आपल्या मेलेल्यांवर 'टँकर जाळायला निघालेले' असा शिक्का मारला होता. तपास लागतो तो यासाठीसुद्धा. मेलेल्या माणसाची अब्रू परत मिळवण्याची दुसरी सरकारी जागा नाही.

आपला साहेब

दुसरा मुद्दा येतो, 'पोलिसांचं मनोधैर्य खचेल.' कुणाचं खचेल? कायद्याने वागणाऱ्या हवालदाराचं खचायचं कारण नाही. तपास झाला तर तोच मोकळा होतो. तपास न झाल्याने सगळी वर्दी संशयात राहते. तपास म्हणजे शिक्षा नव्हे. आमच्या पोरांना साध्या संशयावर रात्रभर लॉकअपमध्ये बसवतात, तेव्हा कुणी मनोधैर्याचं नाव घेत नाही.

तिसरा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. तपास खाली सुरू होतो आणि खालीच संपतो. फौजदार सापडतो. त्या दिवशी वरून काय हुकूम होते, वायरलेसवर काय बोलणं झालं, चौकीवर तक्रार का घेतली नाही, गोळीबारानंतर दुपारी वस्तीत लाठीमार कुणाच्या सांगण्यावरून झाला, हे प्रश्न तपासात यायला पाहिजेत. वरचे दोषीच आहेत असं मी म्हणत नाही. विचारल्याशिवाय निर्दोष कसे, एवढंच म्हणतो. जातीची उतरंड ऑफिसातही असते. वरचं मडकं फुटत नाही, खालच्यावर भार येतो.

आणि आता आपल्याच ताटातलं बोलू. आपल्यातूनही साहेब झाले. आरक्षणाने झाले, बाबासाहेबांच्या पुण्याईने झाले, याचा मला अभिमान आहे. आपल्यातून मंत्रीही झाले. त्यांच्यातल्या एखाद्यावर आरोप आला की आपण लगेच म्हणतो, 'दलित आहे म्हणून अडकवलं.' पुष्कळदा ते खरंही असतं. आपल्या माणसाची फाईल पटकन उघडते, त्यांच्या माणसाची उघडत नाही. पण यावर उपाय आपल्या साहेबाचीही फाईल बंद करणे हा नाही. तिकडची फाईल उघडायला लावणे हा आहे. वस्तीचा निधी खाल्लेला, शिष्यवृत्तीत हात मारलेला माणूस बुद्धवंदना म्हणतो म्हणून सुटत नाही. एक माप धरायचं असेल तर ते आपल्या घरातही धरायला पाहिजे. नाहीतर रमाबाई नगरचं नाव घ्यायचा आपला हक्क उणा होतो.

बाबासाहेबांनी काय मागितलं होतं

घटना समितीपुढे मांडण्यासाठी बाबासाहेबांनी १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हा मसुदा तयार केला. कारभाऱ्यांच्या जुलमाविरुद्ध न्यायालयाचे संरक्षण त्यात होते. त्याहून पुढे जाऊन, सरकारी अधिकाऱ्याने कारभारात वंश, धर्म किंवा सामाजिक दर्जा बघून नागरिकाशी भेदभाव केला तर तो गुन्हा मानावा आणि त्यासाठी वेगळे न्यायाधिकरण असावे, अशी तरतूद त्यात होती. खात्याची ताकीद नाही, बदली नाही. गुन्हा. बाबासाहेबांना माहीत होतं की गावात पाटील-कुलकर्णी आणि कचेरीत मामलेदार एकाच पंक्तीला बसतात. आपल्याला लागणारं संरक्षण फक्त गुंडापासून नाही, खुर्चीपासूनही आहे.

त्या मागणीचा तुकडा आपल्याला १९८९ च्या ॲट्रॉसिटी कायद्यात मिळाला. कलम ४. कर्तव्यात मुद्दाम हयगय करणाऱ्या, अनुसूचित जाती-जमातींत न मोडणाऱ्या, सरकारी नोकराला सहा महिने ते एक वर्ष कैद. नंतरच्या दुरुस्तीने कर्तव्यांची यादी वाढवली, हे चांगलं झालं. पण शेपूट लावलं की आधी प्रशासकीय चौकशी होऊन शिफारस आली पाहिजे. साहेबाची चौकशी साहेबानेच करायची. पुन्हा तेच कुलूप.

काय करायचं

१ जुलै २०२४ पासून जुनी फौजदारी संहिता जाऊन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आहे. कलम १९७ आता कलम २१८ झाले. 'किंवा होता' हे शब्द तिथेही आहेत. पण एक नवी गोष्ट आली आहे. मंजुरीचा अर्ज आला की सरकारने १२० दिवसांत निर्णय द्यायचा, नाही दिला तर मंजुरी मिळाली असे धरायचे. हे तोंडपाठ करा. पुढे कुठल्या वस्तीत काही घडलं तर अर्जाची पोच घेऊन त्याच दिवसापासून दिवस मोजायला लागा.

दुसरी गोष्ट, माहितीचा अधिकार कायदा, २००५, कलम ८ चे तिसरे पोटकलम. वीस वर्षांपेक्षा जुन्या घटनेची माहिती नाकारायला सरकारला फार थोडी कारणे उरतात. ११ जुलै १९९७ ला वीस वर्षे कधी झाली? ११ जुलै २०१७ ला. म्हणजे त्या दिवशीच्या नोंदवह्या, वायरलेसच्या नोंदी, बंदोबस्ताचे हुकूम, खटल्याच्या मंजुरीची फाईल, यांच्यावरची बरीच कुलपं कायद्यानेच उघडी झाली आहेत. अर्ज करायला वकील लागत नाही. 'फाईल नष्ट केली' असं उत्तर आलं तर ती कुणाच्या सहीने, कोणत्या तारखेला नष्ट केली, हे विचारा. तेही उत्तर कागदावरच येतं.

तिसरं, वस्तीची आठवण लिहून काढा. रमाबाई नगर आणि कामराज नगरच्या पुनर्विकासाचं काम एमएमआरडीए आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाने हाती घेतलं आहे. घरं पडतील, टॉवर उभे राहतील, रस्ता रुंद होईल. लोकांना चांगलं घर मिळावं, त्यात वाईट काही नाही. पण गोळी कुठून आली, माणूस कुठे पडला, हे ज्यांनी उभं राहून पाहिलं, ते लोक विखुरले की ती जागा फक्त नकाशात राहील. दरसाल ११ जुलैला आपण तिथे जातो, फुलं वाहतो, घोषणा देतो. या वेळी वही-पेन घेऊन जा. एकेका म्हाताऱ्या बाईपाशी बसा. तिला विचारा, लिहा, वाचून दाखवा, तिचा अंगठा किंवा सही घ्या.

त्या पोराने विचारलं होतं, चौकशी करून काय मिळणार. मेलेली माणसं परत मिळणार नाहीत. नोकरी मिळणार नाही. पण आज खुर्चीवर जो बसला आहे, तोही एक दिवस माजी होणार आहे आणि ते त्याला ठाऊक आहे. माजी झाल्यावर आपल्याला कुणी काही विचारणार नाही, असा भरवसा त्याला असेल तर पुढची गोळी झाडताना त्याचा हात थरथरणार नाही. तो भरवसा काढून घेणं आपल्या हातात आहे. त्यासाठी सत्ता लागत नाही. कागद लागतो, चिकाटी लागते, आणि एकाच मापाने मोजायची तयारी लागते.

जयभीम.